दुखत नाहीये, मग कुबड्या सोडू का?

गेल्या अंकात गुडघ्यातल्या कूर्चेच्या ऑपरेशनचा मी एका ओळीत उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या खेपेला पाठदुखी, मानदुखी आणि टाचदुखीवाल्यांना थांबायला सांगून सगळी जागा गुडघ्याला दिली आहे. नवीन वाचकांसाठी सांगते : मी फिजिओथेरपिस्ट आहे, गेली २२ वर्षं दुसऱ्यांचे गुडघे वाकवायचं आणि सरळ करायचं काम करते, आणि ६ वर्षांपूर्वी माझ्याच डाव्या गुडघ्यावर हे ऑपरेशन झालं. त्यामुळे पलंगाच्या कडेला उभं राहून 'अजून पाच वेळा' म्हणणं आणि पलंगावर पडून तसं म्हणणाऱ्या बाईला मनातल्या मनात शिव्या घालणं, दोन्ही मला चांगलं जमतं.

एक अट आधीच सांगते. ज्यांनी तुमचा गुडघा आतून पाहिलाय त्यांनी दिलेला कागद माझ्या उत्तराच्या वरचा. कूर्चेतला खड्डा कुठे होता, केवढा होता, कशाने भरला हे त्यांना ठाऊक. माझ्याकडे फक्त तुमचं पत्र आहे.

प्रश्न : उजव्या गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या टोकावरचा कूर्चेचा टवका निघाला होता. दुर्बिणीतून ऑपरेशन करून हाडाला बारीक भोकं पाडली, मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात ते. आज २४ दिवस झाले. टाके निघाले, दुखणं जवळजवळ शून्य. तरी ६ आठवडे कुबड्या, आणि पाय नुसता टेकवायचा, वजन टाकायचं नाही, असं सांगितलंय. दुखत नाहीये, मग कुबड्या सोडू का?
— आरशासमोर चालून पाहिलेला एक वाचक, वय ३६

उत्तर : नाही. आणि आरशासमोर चालून पाहिल्याचं तुम्ही सहीतच कबूल केलंय, तेव्हा जरा सविस्तर नाही म्हणते.

कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचा तो पांढरा, गुळगुळीत, निसरडा थर. गुडघ्यात त्याची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर, वाटीच्या मागे त्याहून थोडी जास्त. त्याला रक्तवाहिन्या नसतात आणि वेदना पोचवणाऱ्या नसाही नसतात. रक्त नाही म्हणून तो थर आपला आपण भरून येत नाही. विल्यम हंटर नावाच्या शरीररचनातज्ज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच सांगितलं होतं, की कूर्चा एकदा गेली की परत येत नाही. आणि नसा नाहीत म्हणून ती दुखतही नाही. ऑपरेशननंतर तुम्हाला जे ठणकत होतं ते त्वचेवरचे छेद, सांध्याचं अस्तर आणि भोकं पाडलेलं हाड. ती मंडळी शांत झाली. खड्ड्यात काय चाललंय त्याची खबर तुमच्यापर्यंत येतच नाही.

तर काय चाललंय? हाडाला ३-४ मिलिमीटर अंतरावर जी भोकं पाडली त्यांतून मज्जेतलं रक्त वर आलं आणि खड्ड्यात त्याची गुठळी बसली. त्या गुठळीतल्या पेशींपासून हळूहळू तंतुमय कूर्चा तयार होते. मूळ कूर्चेइतकी चिवट ती कधीच होत नाही, पण खड्डा भरते. २४ व्या दिवशी तिथे जे आहे ते नखाने खरवडलं तरी निघेल इतकं कच्चं आहे. त्यावर अख्खं वजन टाकून गुडघा जरा वळवलात, की ते चिरडतं किंवा सुटून येतं. त्या क्षणी काहीही दुखत नाही. कळतं ते सहा महिन्यांनी.

हे मला पुस्तकातून ठाऊक होतंच, तरी मी केलं. कुबड्या आल्या की माणसाला ग्लासभर पाणीसुद्धा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येत नाही, हे ऑपरेशनच्या आधी कुणी सांगत नाही. पाचव्या आठवड्यात एका रात्री घरातल्यांना उठवायचा कंटाळा आला आणि मी कुबड्या भिंतीला टेकवून ग्लास हातात घेऊन आठ पावलं चालले. काही झालं नाही. मनात म्हटलं, बघा. सकाळी उठून गुडघ्याकडे पाहिलं तर वाटीच्या दोन्ही अंगांचे खळगे गायब. गुडघा बटाट्यासारखा गोल. नशिबाने सूज चार दिवसांत उतरली, पण ते चार दिवस मी माझ्या पेशंटना जी भाषणं देते ती सगळी स्वतःला ऐकवली.

म्हणून दुखण्याकडे बघू नका, पाण्याकडे बघा. रोज सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी पाय सरळ ठेवून मांडी सैल सोडा. वाटीच्या आतल्या अंगाला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडच्या बाजूला, तळहाताने खालून वर दोन-तीनदा हलकेच पुसा. तिथलं पाणी वर सरकतं. मग बाहेरच्या अंगाने वरून खाली एकदाच हात फिरवा आणि नजर आतल्या खळग्यावर ठेवा. तिथे त्वचेखाली छोटीशी लाट फुगून आली तर सांध्यात पाणी आहे. हात फिरवायच्या आधीच खळगा भरला तर जास्त आहे. जोडीला शिवणकामाची टेप घेऊन वाटीच्या मधोमध घेर मोजा आणि लिहून ठेवा. कालच्यापेक्षा सेंटिमीटरभर वाढला असेल, तर काल तुम्ही जे काही जास्तीचं केलं ते आज करायचं नाही.

आता 'नुसता टेकवायचा' म्हणजे किती? कागदावर किलो लिहिलेले असतात. बहुतेकांना १० ते १५, किंवा शरीराच्या वजनाचा पाचवा हिस्सा. घरात वजनकाटा असेल तर ऑपरेशनचा पाय त्यावर ठेवा आणि दुसऱ्या पायाखाली तेवढ्याच उंचीची फळी. कुबड्यांवर भार घेऊन काट्यावर हलकेच टेका, १५ दिसले की थांबा आणि ते कसं वाटतं ते पायात मुरवा. मग डोळे मिटून तेच करा आणि डोळे उघडून आकडा बघा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिल्या खेपेला दुपटीच्या आसपास भरतो. तुमचाही भरेल. पाय अधांतरी धरू नका मात्र. तो हवेत धरला की मांडीचे आणि कमरेचे स्नायू सारखे आवळलेले राहतात आणि चालायची लय बिघडते ती वेगळीच.

प्रश्न : ऑपरेशनला १९ दिवस झाले. गुडघा ९० अंश वाकतोय, सगळे कौतुक करतात. पण पूर्ण सरळ होत नाही, खाली दोन बोटं जातील एवढी फट राहते. झोपताना गुडघ्याखाली उशी घेतल्याशिवाय बरं वाटत नाही. गुडघा आपोआप हलवणारं मशीन मला दिलेलं नाही, त्यामुळे हे झालं का?
— उशीवाली

उत्तर : उशी आजच काढा. अगदी हे वाचून झाल्यावर लगेच.

सुजलेल्या गुडघ्याला थोडं वाकून राहायला आवडतं, कारण तसं असताना आत जागा जास्त असते. तुम्ही उशी देऊन त्याचे लाड करताय, आणि तो त्याच कोनात आखडत चाललाय. वाकण्याचं कौतुक सगळे करतात कारण ते दिसतं. सरळ होण्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण चालताना टाच टेकते तेव्हा गुडघा सरळ लागतो. तो पाच अंश जरी कमी पडला तरी माणूस लचकत चालतो, मांडीचा स्नायू क्षणभरही सैल होत नाही आणि वाटीवरचा दाब वाढतो. वाकणं पुढे महिनोन्महिने वाढवता येतं. सरळ होणं पहिल्या काही आठवड्यांत हातातून निसटलं तर परत मिळवताना फार रडवतं.

टाचेखाली पंच्याची घट्ट गुंडाळी ठेवा, पोटरी आणि गुडघा अधांतरी राहू द्या, आणि गुडघा आपल्याच वजनाने खाली जाऊ द्या. सुरुवातीला पाच मिनिटं, मग दहा, दिवसातून चार-पाच वेळा. वरून हाताने दाबायचं नाही. मागच्या बाजूला ओढ बसेल, ती चालेल. वाटी दोन बोटांच्या चिमटीत धरून डावी-उजवी, वर-खाली हळूच सरकवायची, तीही या काळात मोकळी राहायला हवी. हे एकदा समोर बसून शिकून घ्या, पत्रातून नीट सांगता येत नाही.

मशीनचं म्हणाल तर, सतत संथ हालचालीने कूर्चा बरी भरते ही कल्पना टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांची. १९७० च्या दशकात त्यांनी सशांच्या गुडघ्यांवर प्रयोग केले आणि हलते राहिलेले गुडघे जखडून ठेवलेल्यांपेक्षा चांगले भरलेले त्यांना दिसले. त्यातून ते मशीन आलं, आणि काही सर्जन आजही दिवसाला ६ ते ८ तास ते लावायला सांगतात. माणसांच्या बाबतीत पुरावा तितका चोख नाही. मशीन नसेल तर गुळगुळीत पृष्ठभागावर टाच सरकवत गुडघा वाकवणं-सरळ करणं, तेही शेकड्यांनी, दिवसातून तीनदा. कूर्चेला रक्त नाही, तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून, आणि हालचाल झाली की ते आतबाहेर होतं. कंटाळवाणं काम आहे. मी रेडिओ लावून करायचे. गाण्याला एक पाय.

प्रश्न : माझं आणि माझ्या मावसभावाचं ऑपरेशन एकाच महिन्यात झालं. तो दुसऱ्या आठवड्यात ब्रेस, म्हणजे गुडघ्याला बांधायचा कडक आधार, लावून चालायला लागला, मला सहा आठवडे वजन टाकायला बंदी. उलट मला गुडघा वाकवून दाखव म्हणतात आणि त्याला चालताना वाकवू नको म्हणतात. आमच्यापैकी कुणाचे डॉक्टर चुकले?
— भावाशी शर्यत लावलेला

उत्तर : कुणाचेच नाहीत. खड्डे वेगळ्या जागी आहेत.

तुमचा खड्डा मांडीच्या हाडाच्या गोल टोकावर असावा, जिथे उभं राहिलं की थेट भार येतो. मावसभावाचा वाटीच्या मागे, किंवा ती वाटी ज्या घळीत सरकते त्या घळीत. गुडघा पूर्ण सरळ असताना वाटी त्या घळीच्या वरच असते, आत बसलेली नसते. २०-३० अंश वाकलं की ती घळीत शिरते आणि दाबायला लागते. म्हणून ब्रेस सरळ स्थितीत कुलूपबंद करून त्याला चालू देतात. त्या स्थितीत त्याच्या दुरुस्तीला कुणी हात लावत नाही. तोच माणूस जिना चढला तर मात्र गोष्ट वेगळी. ढोबळ मानाने सपाट जमिनीवर चालताना वाटीवर शरीराच्या निम्म्या वजनाइतका दाब येतो, जिन्यावर वजनाच्या तिपटीच्या आसपास आणि खोल उकिडवं बसताना सात-आठपट. त्यामुळे जिना आणि ऊठबस यांत तुम्ही त्याच्या पुढे असाल, सपाट रस्त्यावर तो. शर्यत लावायचीच असेल तर दोघांनी आपापल्या टेपशी लावा.

जिन्याचा विषय निघालाच आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, आणि कुबड्या नेहमी ऑपरेशनच्या पायाबरोबर. कुबडीचा भार तळहातांवर घ्यायचा, काखेवर नाही. काख आणि कुबडीत दोन-तीन बोटं जातील एवढी जागा हवी. काखेत टेकून लोंबकळणाऱ्यांचे हात बधिर होतात आणि मग ते गुडघ्याचं सोडून हाताचं औषध मागायला येतात.

प्रश्न : सात आठवडे झाले. वजन टाकायला परवानगी मिळाली. पण मांडी अशी सुकलीय की दोन्ही पाय एकाच माणसाचे वाटत नाहीत. आणि गंमत म्हणजे मी मांडी आवळायचा हुकूम देते आणि काहीच होत नाही. स्नायू मेला का?
— दोन मापांची

उत्तर : मेला नाही, रुसलाय. आणि त्याला रुसायला सांगणारी तुमचीच मज्जासंस्था आहे.

सांध्यात पाणी भरलं की गुडघ्यातून मणक्याकडे निरोप जातो आणि तिथून मांडीच्या पुढच्या स्नायूला आवळायची बंदी होते. त्यासाठी फार पाणी लागत नाही. वाटीच्या आतल्या बाजूचा जो टपोरा भाग असतो, तो २०-३० मिलिलिटरला, म्हणजे चार-सहा चहाच्या चमच्यांना, मान टाकतो. तुम्ही कितीही मनापासून हुकूम दिलात तरी मधला कारकून फाइल दाबून बसलाय. म्हणून पहिला व्यायाम म्हणजे सूज उतरवणं : पाय छातीच्या वर, बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, आणि दिवसभर उभं राहण्यात काटछाट.

मग असं करा. पाय सरळ, टाचेखाली पातळ गुंडाळी. दोन्ही मांड्या उघड्या दिसतील असे बसा. आधी चांगल्या पायाची मांडी आवळा आणि वाटी कशी वर मांडीकडे सरकते ते नीट बघा. आता दोन्ही एकदम आवळा. पाच मोजेपर्यंत धरा, सोडा. दहा वेळा, जागेपणी दर तासाला. पहिले काही दिवस ऑपरेशनच्या बाजूची वाटी नुसती थरथरेल. थरथरली म्हणजे निरोप पोचला. पोचतच नसेल तर फिजिओकडे विजेच्या हलक्या झटक्यांनी स्नायू आवळायला लावणारं यंत्र असतं, ते मागा. मी वापरलंय. मांडीत मुंग्यांचं वारूळ असल्यासारखं वाटतं, पण चालतं.

पाय सरळ ठेवून उचलायचा व्यायाम सगळ्यांना आवडतो, कारण तो व्यायामासारखा दिसतो. पण उचलताना गुडघा किंचित जरी वाकला, टाच मागे रेंगाळली, तर तो अजून तुमच्यासाठी नाही. गुडघा कुलूप लावल्यासारखा सरळ राहत असेल तरच उचला. स्थिर सायकल साधारण १०५-११० अंश वाकायला लागलं की, सीट उंच, जोर शून्य. पाण्यात चालायची सोय असेल तर जखमा पूर्ण भरल्यावर जरूर. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा भार निम्म्यावर येतो, छातीपर्यंत गेलात तर आणखी कमी.

मांडीचा घेर पूर्ववत व्हायला महिने लागतात. मला ११ लागले.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, फुटबॉल खेळतो. त्याच्या कूर्चेतल्या पेशी काढून बाहेर वाढवून परत लावल्या. चार महिने झाले. तो म्हणतो गुडघा शंभर टक्के झाला, मित्र पुढच्या महिन्यात सराव सुरू करतायत. डॉक्टर वर्षभर नाही म्हणतात. त्याला कसं समजवावं?
— आई

उत्तर : पत्र त्याच्या हातात द्या. पुढचं त्याच्याशी बोलते.

अरे बाबा, तुझा गुडघा शंभर टक्के झालेला नाही, तुझं दुखणं शून्य टक्के झालंय. हे दोन वेगळे आकडे आहेत. चौथा महिना हा सगळ्यात धोक्याचा, कारण सूज नाही, लंगडणं नाही, मांडीत जोर आलाय, आणि आत लावलेला भराव अजून कोवळा आहे. तुझ्या गुडघ्यात जे केलंय ते स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९८७ साली माणसावर पहिल्यांदा झालं, आणि १९९४ मध्ये पहिल्या २३ रुग्णांचा अहवाल आला. तेव्हापासून पेशी ठेवायची पद्धत बदलली, आता त्या पडद्यावर बसवून लावतात, पण पेशींचा वेग बदलला नाही. पहिले ६ आठवडे त्या नुसत्या वाढतात, आणि भराव इतका मऊ असतो की बोट लावलं तर दबेल. पुढचे काही महिने त्या आपल्याभोवती जाळं विणतात. तू आत्ता तिथे आहेस. पिकायला, शेजारच्या जुन्या कूर्चेइतकं घट्ट व्हायला, वर्षाच्या वर जातं. कधी दोन-तीन वर्षंही.

तुला आत्ता बंदी आहे ती उडी मारून उतरण्याची, धावता धावता वळण्याची आणि टॅकलची. सायकल, पोहणं, एका पायावर तोल सांभाळणं, कमरेचे आणि मांडीच्या मागचे स्नायू, याला बंदी नाही. या महिन्यांत जे खेळाडू नुसते मोबाइल घेऊन रुसून बसतात ते बाराव्या महिन्यात सुकलेली मांडी घेऊन मैदानावर जातात, आणि तेव्हा दुसराच कुठला तरी लिगामेंट जातो. सरळ रेषेत हलकं धावणं साधारण ७ ते ९ महिन्यांनी, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर. फुटबॉलसारखा खेळ १२ ते १८ महिन्यांनी. त्या दिवशीही तारीख पाहून सोडत नाहीत. ऑपरेशनच्या पायाची ताकद आणि एका पायावरची लांब उडी दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खळगा रिकामा पाहिजे.

मित्रांच्या सरावाला जा. गोलकीपरला बॉल हाताने फेकून द्यायचं काम कुणीतरी करायलाच हवं असतं.

काही छोटे प्रश्न एकत्र. वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूला बधिर लागतं, हे सहा जणांनी विचारलंय. छेद घेताना त्वचेची एक बारीक नस दुखावते. तो बधिरपणा महिनोन्महिने आकसत जातो, थोडा कायमचाही राहतो, गुडघ्याला त्याचं काही नाही. कटकट आवाज दुखत नसेल आणि मागाहून सूज येत नसेल तर येऊ दे. पण गुडघा मध्येच अडकून बसायला लागला, सोडवावा लागला, तर डॉक्टरांना दाखवा, भराव फुगून वर आलेला असू शकतो. गाडी कधी चालवू? कुबड्या सुटल्याशिवाय, गुंगी आणणारी वेदनाशामकं थांबल्याशिवाय आणि अचानक ब्रेक दाबता आल्याशिवाय नाही. सिगारेट चालेल का, असं एकाने विचारलंय, तेही 'फक्त दोन' असं कंसात. नाही चालणार. कूर्चा दुरुस्तीचे निकाल सिगारेट ओढणाऱ्यांत वाईट येतात. कूर्चा वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांबद्दल आठ पत्रं आहेत. त्यांनी खड्डा भरतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही, तेव्हा तो उत्साह टाच सरकवण्यात खर्च करा.

आणि एक गोष्ट छोटी नाही. पोटरी एकाएकी सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखते, किंवा दम लागतोय, छातीत दुखतंय, तर या सदराला पत्र लिहू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ताप, वाढती लाली किंवा जखमेतून पाणी येत असेल तर त्याच दिवशी.

प्रश्न : सहा महिन्यांनी एमआरआय केला. रिपोर्टमध्ये 'भराव अपूर्ण, खालच्या हाडात सूज' असं आहे. मला तर चांगलं वाटतंय, रोज चालतो. ऑपरेशन फुकट गेलं का?
— रिपोर्ट वाचून झोप उडालेला, वय ४४

उत्तर : सहा महिन्यांचा एमआरआय म्हणजे प्लास्टर ओलं असताना काढलेला घराचा फोटो. हाडातली सूज पहिल्या वर्षात बऱ्याच जणांना दिसते. शिवाय फोटो आणि माणूस यांचा ताळमेळ या बाबतीत नेहमी बसत नाही : फोटो सुरेख आणि माणूस लंगडतोय, किंवा उलट. सकाळचा खळगा रिकामा असेल आणि चालणं वाढत असेल तर सहा महिन्यांच्या कागदावर झोप उडवू नका. वर्षाच्या तपासणीला दोन्ही फोटो शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : ताई, सगळे कुबड्या कधी सोडू विचारत असतील, आमच्याकडे उलटं आहे. आमच्या ह्यांना ऑपरेशन होऊन चार महिने झाले. डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच पूर्ण वजन टाका सांगितलंय. सूज नाही, दुखत नाही. पण हे दोन्ही कुबड्या सोडायलाच तयार नाहीत. म्हणतात, आत काहीतरी हलेल. मी काही बोलले की म्हणतात, गुडघा तुझा नाही.
— जिचा गुडघा नाही ती

उत्तर : गुडघा तुमचा नसेल, पण दोन कुबड्या घेतलेल्या माणसाच्या मागून ग्लास घेऊन तुम्हीच फिरताय, तेव्हा बोलायचा हक्क आहे.

त्यांची भीती समजते, खोटी नाही. पहिल्या दीड महिन्यात आम्हीच लोकांना इतकं बजावतो, की पुढे परवानगी दिल्याचं त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही. पण चौथ्या महिन्यात हिशेब उलटा होतो. आता भरावाला भार हवाय. दाब पडला, सुटला, पुन्हा पडला, की आतल्या पेशींना कळतं कसलं जाळं विणायचं ते. भारच पडला नाही तर भराव मऊच राहतो, आणि मांडी व हाडं सुकतात ती वेगळी.

त्यांना एकदम 'चाल' म्हणू नका. वजनकाटा काढा. एका पायाखाली काटा, दुसऱ्याखाली फळी, समोर हात टेकायला भक्कम टेबल. त्यांना नुसतं वजन एका पायावरून दुसऱ्यावर झुलवू द्या आणि आकडा मोठ्याने वाचायला लावा. आज जिथे थांबतील तो आकडा लिहा, उद्या पाच किलो वाढवा. सकाळी खळगा तपासायचा, तोही त्यांच्याच हाताने. चार दिवस आकडा चढतोय आणि खळगा रिकामाच आहे, हे त्यांच्या हाताला कळलं की तुमच्या-माझ्या बोलण्याची गरज उरणार नाही. वजन निम्म्याच्या वर गेलं की एक कुबडी बंद. उरलेली ऑपरेशनच्या पायाच्या उलट बाजूच्या हातात धरायची. ते ती नेमकी चुकीच्या हातात धरतील, सगळेच धरतात, तेव्हा लक्ष ठेवा. आणि बंद केलेली दुसरी कुबडी ते अंघोळीला गेले असताना कपाटामागे टाकून द्या.

अंघोळीला जाताना मात्र ती एक बरोबर असू द्या, ओल्या फरशीवर मी अजूनही कुणाचं ऐकत नाही.